नगरचा स्पाइक आणि तोंडाला फासलेला रंग

आमच्या नगरला मोठी माणसं आली ती बरीचशी कैदेत टाकायला आणलेली. १९४२ साली नेहरू, पटेल, मौलाना आझाद, सगळे किल्ल्यात, आणि आम्ही शाळेच्या सहलीला जाऊन त्या खोल्या बघायच्या. त्यामुळे जगप्रसिद्ध माणूस आणि तोही थेट नगरमधे जन्मलेला असं कळलं की आम्ही लोक जरा वाहवतोच. मी पण वाहवलो. स्पाइक मिलिगन, इंग्रजी विनोदातला मोठा लेखक-नट, हे नाव कॉलेजात असताना पहिल्यांदा कळलं, आणि त्यानंतर पुण्यात जो कोणी "नगर म्हणजे शिर्डीला जाताना लागतं तेच ना?" असं विचारेल त्याच्या तोंडावर मी ते नाव फेकायला लागलो. (आता कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडातून नगरच निघतं, सवय आहे, समजून घ्या.)

तर स्पाइक. खरं नाव टेरेन्स ॲलन मिलिगन, जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर. वडील लिओ मिलिगन ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेत, मूळचे आयरिश. लहानपण पुण्यात, कॅम्पातल्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी शाळेत, तिथेच आठव्या वर्षी नाताळच्या नाटकात पहिल्यांदा स्टेजवर चढला. मग रंगून, मग १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनचं गरीब दक्षिण टोक. ट्रंपेट वाजवायचा, युद्धात तोफखान्यात गेला, इटलीत जखमी झाला आणि डोक्याने कायमचा हलला. परत आल्यावर वेस्टमिन्स्टरमधल्या ग्राफ्टन आर्म्स नावाच्या पबमधे पीटर सेलर्स, हॅरी सीकम आणि मायकल बेंटिन यांच्याबरोबर टवाळक्या करता करता बीबीसी रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम 'गून शो' जन्माला आला. १९५१ ते १९६०. पुढच्या पिढीतली गाजलेली ब्रिटिश विनोदी टोळी, मॉन्टी पायथनवाले, स्वतःच सांगतात की आम्ही लहानपणी हे ऐकून बिघडलो.

इथपर्यंत सगळं छान, छाती फुगवायला हरकत नाही. अडचण पुढे आहे.

१९६९ च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या लंडन वीकएंड टेलिव्हिजनवर 'करी अँड चिप्स' नावाची मालिका सुरू झाली. लेखक जॉनी स्पाइट. एका स्वस्त खेळण्याबिळण्यांच्या फॅक्टरीत नवीन कामगार येतो, नाव केविन ओ'ग्रेडी, अर्धा आयरिश अर्धा पाकिस्तानी, आणि तो स्वतःला आयरिश म्हणवतो. बाकीचे कामगार त्याला काय काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याला शिव्या घालणाऱ्यांत एक काळा कामगारही आहे, ते काम गायक केनी लिंचने केलंय. फोरमन एरिक साइक्स. आणि हा केविन ओ'ग्रेडी, तोंडाला तपकिरी रंग फासून, मान डोलवत, आमचा नगरचा स्पाइक.

मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा लॅपटॉप अर्धा बंद केला, म्हणजे झाकण खाली केलं आणि परत उघडलं, कारण मला खात्री करून घ्यायची होती. हसू येत नव्हतं. वाईट म्हणजे मधेच एका ठिकाणी आलं.

आता प्रश्न असा की अशा जुन्या विनोदाचं करायचं काय. हा प्रश्न ब्रिटनमधे दर काही वर्षांनी उकळतो. २०२० च्या जूनमधे एकदम भडका उडाला, 'लिटल ब्रिटन' ही विनोदी मालिका तोंड रंगवलेल्या पात्रांमुळे नेटफ्लिक्स, बीबीसी आयप्लेअर सगळीकडून उतरवली, 'फॉल्टी टॉवर्स' या जुन्या विनोदी मालिकेचा जर्मन पाहुण्यांचा एपिसोड यूकेटीव्हीने आधी काढला आणि आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांत पाटी लावून परत ठेवला. तेव्हा दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणणार पुसून टाका, दुसरी म्हणणार आमचा वारसा पुसतायत हो. आणि आपल्याकडचे इंग्लिश कॉमेडीचे भक्त, ज्यात मी पण येतो, जवळपास सगळे दुसऱ्या पार्टीत. माझं म्हणणं सरळ आहे. पुसू नका, एक फ्रेमसुद्धा नको. पण ठेवायचं तर आपण जी दोन कारणं देत सुटतो ती बंद करा, कारण दोन्ही खोटी आहेत, आणि खोट्या कारणांवर उभा केलेला बचाव त्या माणसाच्या खऱ्या कामाचाच घात करतो.

पहिलं कारण, "तो काळच तसा होता."

हे मी स्वतः इतक्या वेळा म्हटलंय की लाज वाटते. पण जरा तारखा बघा. 'करी अँड चिप्स' सहा एपिसोडांत बंद पडली. आत्ताच्या कुठल्या मोबाइलवाल्या पोरांनी ती बंद नाही पाडली, त्याच काळातल्या इंडिपेंडंट टेलिव्हिजन ऑथॉरिटीने, म्हणजे खाजगी चॅनलवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारमान्य संस्थेने, चॅनलला सांगितलं की आता पुरे. १९६९ सालीच. मग १९७५ मधे स्पाइकने स्वतः नील शँडबरोबर 'द मेल्टिंग पॉट' लिहिली, बीबीसीसाठी, आणि त्यात परत तोंड रंगवून चोरून ब्रिटनमधे शिरलेला पाकिस्तानी झाला. पात्राचं नाव मिस्टर व्हॅन गॉ, मुलाचं नाव मिस्टर रेम्ब्रांट. नावं ऐकून हसू येतं, हे मान्य. बीबीसीने एक भाग दाखवला आणि बाकीचे रेकॉर्ड केलेले भाग कपाटात गेले. म्हणजे सहा वर्षांत दोनदा, दोन वेगवेगळ्या चॅनलांवर, त्याच काळाने त्याला सांगितलं की बाबा, हे चालत नाहीये. काळ तसा होता म्हणायचं तर तो असा पण होता.

आणि काळ अजून एका अर्थाने कसा होता ते सांगतो. एप्रिल १९६८ मधे ब्रिटिश खासदार इनॉक पॉवेलने बर्मिंगहॅमला बाहेरून येणाऱ्या लोकांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं, रक्ताच्या नदीचं, आणि लंडनचे गोदी कामगार त्याच्या बाजूने मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरले. १९७० च्या आसपास ईस्ट एंडमधे टोळकी फिरायची, आशियाई कामगार रात्रपाळी करून घरी चाललेला दिसला की झोडपायची, आणि त्याला त्यांनी नाव पण ठेवलं होतं, जणू कबड्डीसारखा खेळच. माझ्या आत्याचे एक दीर १९६७ ला कॉव्हेंट्रीला गेले होते, एका कारखान्यात टर्नर म्हणून. मूळचे सोलापूरचे, पाकिस्तानशी संबंध एवढाच की नकाशात बघितलेला. ते सांगायचे, शनिवार-रविवार टीव्हीवर काय लागलं होतं हे सोमवारी सकाळी कारखान्यात कळायचं, कारण कुणीतरी मशीनवरून ओरडून तोच ॲक्सेंट मारणार, आणि बाकीचे हसणार, आणि आपण पण हसायचं. "आपण पण हसायचं" हे ते असं सांगायचे की जसं काही सेफ्टी शूज घालायचे, कामाचाच भाग. त्या माणसाचाही तोच काळ होता, पण काळाबद्दल बोलताना त्यांना कोण विचारतो.

जॉनी स्पाइटची बाजू सांगायलाच हवी नाहीतर अन्याय होईल. तो डावा, कामगार घरातला, आणि त्याला वंशवाद्यांची टर उडवायची होती. त्याचंच आधीचं मोठं काम म्हणजे 'टिल डेथ अस डू पार्ट', त्यातला आल्फ गार्नेट हा तोंडाळ, रंगद्वेष्टा म्हातारा, ज्याच्यावर लोकांनी हसावं म्हणून लिहिलेला. झालं काय, की लाखो लोक त्याच्यावर हसण्याऐवजी त्याच्याबरोबर हसले, आल्फ कसा आपल्या मनातलं बोलतो म्हणून खूश झाले. 'करी अँड चिप्स'मधे तर अडचण अजून साधी होती. आल्फच्या मालिकेत मूर्ख निदान आल्फ होता. इथे टीव्ही लावला की पहिली हसण्यासारखी गोष्ट काय दिसते, तर गोऱ्या माणसाच्या तोंडावरचा तो रंग. संवाद काय लिहिलाय त्याच्या आधीच विनोद होऊन गेलेला असतो. मग लेखकाने कितीही चांगल्या हेतूने वाक्य लिहू दे.

दुसरं कारण खास आपलं. "अहो तो तर आपल्याकडचाच, नगरला जन्मला, पुण्यात वाढला, हिंदुस्तानी बोलायचा, त्याला हक्क आहे."

हे ऐकायला गोड लागतं म्हणून जास्त घातक. स्पाइक नगरला जन्मला तो छावणीत, साहेबाच्या घरात. त्याची हिंदुस्तानी आया आणि नोकरांकडून कानावर पडलेली. त्याचं पुण्याचं बालपण त्याला आयुष्यभर स्वर्गासारखं वाटायचं, इंग्लंडचा पाऊस आणि करडेपणा बघून तो रडकुंडीला आलेला, ते प्रेम खरंच होतं, मी त्यावर शंका घेत नाही. पण त्या स्वर्गात चहा कोण आणून देत होतं हा प्रश्न उरतोच ना. नगरला जन्मल्याने तुम्हाला नगरचा ॲक्सेंट ऐकू येतो, तो काढण्याचा परवाना मिळत नाही.

तरी गंमत बघा, याच माणसाला ब्रिटनने १९६२ च्या सुमारास सांगितलं की तू आपोआप ब्रिटिश नाहीस! त्या वर्षीचा कॉमनवेल्थ इमिग्रंट्स ॲक्ट, जो मुळात वेस्ट इंडिज, भारत, पाकिस्तानातून येणारे लोक थोपवायला आणला होता, त्याच्या भानगडीत हा हिंदुस्थानात जन्मलेला गोरा पण अडकला. युद्धात राजासाठी तोफा डागलेला, जखमी झालेला, आणि आता पासपोर्टासाठी राणीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घे म्हणतात. स्पाइक म्हणाला, नाही घेत. वडील आयरिश असल्याने आयरिश पासपोर्ट मिळत होता, तो घेतला आणि मरेपर्यंत आयरिश नागरिक राहिला. म्हणूनच २००१ साली त्याला मिळालेली नाइटहूड मानद होती, नावापुढे 'सर' लावायची सोय नाही. (तेव्हाचा प्रिन्स, आताचा राजा चार्ल्स त्याचा जबरदस्त फॅन, १९९४ ला एका पुरस्कार सोहळ्यात चार्ल्सने पाठवलेलं कौतुकाचं पत्र वाचलं जात होतं तर स्पाइकने मधेच लाइव्ह टीव्हीवर चार्ल्सला लाळघोट्या अशा अर्थाची शिवी हासडली आणि नंतर फॅक्स केला की आता नाइटहूडचं काही जमेलसं वाटत नाही ना.)

मला वाटतं ओ'ग्रेडी नावाच्या आयरिश-पाकिस्तान्याचा खरा विनोद या पासपोर्टाच्या किश्श्यात होता. नगरमधे जन्मलेला, आयरिश बापाचा, ब्रिटिश सैनिक असलेला माणूस सरकारी खिडकीसमोर उभा आहे आणि क्लार्कला कळत नाहीये याला कुठल्या खणात टाकायचं. ते लिहिलं असतं तर! त्याला तपकिरी रंगाची गरजच नव्हती, स्वतःचं तोंड पुरलं असतं. पण एक फरक राहतोच, त्याची अडवणूक कागदावर झाली, खिडकी सोडून रस्त्यावर आला की तो परत गोरा. आत्याच्या दिरांची अडवणूक रस्त्यावर होती आणि ती खिडकी बंद झाल्यावर सुरू व्हायची.

आता कुणी म्हणेल एवढं सगळं आहे तर काढून टाका ना मग. तर नाही. आणि इथे मला त्या "वारसा पुसतायत" म्हणून गळा काढणाऱ्या मंडळींना काहीतरी विचारायचंय.

वारसा पुसला कोणी? 'गून शो'च्या पहिल्या तीन सिरीजमधलं आज जवळजवळ काहीच ऐकायला मिळत नाही. जपून ठेवण्यासारखं आहे असं बीबीसीला तेव्हा वाटलंच नाही. चौथ्या सिरीजच्या काही स्क्रिप्ट तर पुढे १९५७-५८ मधे परत नव्याने रेकॉर्ड करायला लागल्या. आणि त्याहून मोठं दुःख म्हणजे 'क्यू ५'. मार्च १९६९, बीबीसी २, स्पाइकची स्वतःची टीव्ही सिरीज, ज्यात स्केच सुरू होतो आणि शेवट न करताच सोडून देतो, नट कॅमेऱ्याकडे बघत आता काय करायचं म्हणून थबकतात, कपड्यांवर वेशभूषा विभागाची लेबलं तशीच लोंबतायत. मॉन्टी पायथनची पोरं तेव्हा त्यांचा कार्यक्रम लिहीत होती, त्यांनी हे बघितलं आणि त्यांचं धाबं दणाणलं की आपण जे करायचं म्हणतोय ते या बाबाने ऑलरेडी करून टाकलंय. त्यांनी मग सरळ 'क्यू ५'चा दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यालाच बोलावून घेतलं. टीव्हीवरच्या विनोदाचा रस्ता जिथे वळला ती ही जागा, आणि त्या सिरीजचे कित्येक भाग आज शिल्लक नाहीत, कारण व्हिडिओ टेप महाग होती आणि एकावर दुसरं रेकॉर्ड करायची पद्धत होती. कुठल्या चळवळीने पुसलं नाही, कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत, स्टोअरमधल्या हिशेबात गेलं. आणि 'करी अँड चिप्स'? सहाच्या सहा एपिसोड शाबूत. डीव्हीडी पण निघाली. एकाच वर्षातल्या दोन मालिका, चांगली पुसली, वाईट टिकली, आणि आपण भांडतोय त्या टिकलेलीला हात लावू नका म्हणून.

म्हणून माझं म्हणणं, सगळं ठेवा. 'करी अँड चिप्स' तर ठेवाच, कारण ते नसेल तर आत्याचे दीर काय सांगत होते ते कुणाला पटणार नाही, म्हातारा वाढवून सांगतोय म्हणतील. पुरावा आहे तो. सुरुवातीला दोन वाक्यांची पाटी लावा, अमुक साली दाखवलं, तमुक संस्थेने सहा भागांत थांबवलं. तेवढी माहिती पुरे, "आजच्या काळात काहींना खटकू शकेल" वगैरे गुळमुळीत पाटी नको, कारण तीही खोटीच, तेव्हाही खटकलंच होतं.

पण मला मनापासून राग कशाचा येतो सांगू, की या भांडणात स्पाइकचं जे खरं आहे त्याबद्दल कुणी बोलतच नाही. नगर-पुण्याच्या छावणीतून या माणसाने काय उचललं ते ऐकायचं असेल तर मेजर डेनिस ब्लडनॉक ऐका. 'गून शो'मधला हा हिंदुस्थानात नोकरी केलेला फौजी साहेब, आवाज सेलर्सचा, भेकड, पैसेखाऊ, बायकांच्या मागे, शत्रू दिसला की पहिला पळणार, आणि कायम पोट बिघडलेलं. त्याच्या प्रवेशाला तुतारी नाही, पोटात स्फोट झाल्याचे आवाज, ते पुढे बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपने खास मशीनवर बनवून दिले. लक्षात घ्या हे १९५० चं दशक आहे, साम्राज्य नुकतंच हातातून गेलंय, निवृत्त मेजर लोक गावोगावी क्लबात बसून पूर्वीच्या गोष्टी सांगतायत, आणि हा छावणीत वाढलेला पोरगा दर आठवड्याला देशभर सांगतोय की मी ते साहेब जवळून बघितलेत, ते असे होते. मुलं टेबलाखाली बसून बघतात तशा नजरेने बघितलेला साहेब आहे तो. रंग लावायची गरज नाही, रेडिओवर तोंडच नाही.

रेडिओवरही सगळं धुतल्या तांदळासारखं होतं असं म्हणत नाही. कार्यक्रमात गाणारा रे एलिंग्टन काळा, त्याच्या रंगावरून फालतू विनोद आहेत. लालकाका आणि बॅनर्जी नावाचे दोन हिंदी लोक सेलर्स आणि स्पाइक करायचे, तो ॲक्सेंट आज कानाला बोचतो. पण लालकाका! पारशी आडनाव. कुठल्याही इंग्रज लेखकाने ठोकून दिलं असतं रामा नाहीतर अब्दुल. लालकाका हे नाव कॅम्पात राहिलेल्या माणसालाच सुचणार असा माझा अंदाज, आणि ते दोघे मूर्ख आहेत खरे पण कार्यक्रमातले गोरे जितके मूर्ख तितकेच, कमी नाही जास्त नाही.

आणि मग ते घड्याळ. १९५७ च्या एका एपिसोडमधला हा तुकडा मी शंभर वेळा तरी ऐकला असेन. ब्लूबॉटल नावाचा शाळकरी पोरगा, सेलर्स, एकल्सला विचारतो किती वाजले. एकल्स म्हणजे स्पाइक, जगातला सगळ्यात निरागस ठोंब्या. एकल्स म्हणतो थांब, माझ्याकडे कागदावर लिहिलेलं आहे. सकाळी एका भल्या माणसाने लिहून दिलं. काय लिहिलंय, तर आठ वाजले. ब्लूबॉटल विचारतो, पण कुणी विचारलं आणि तेव्हा आठ वाजले नसतील तर? तर मी कागद दाखवत नाही. मग आठ वाजलेत हे तुला कळतं कसं? कागदावर लिहिलेलं आहे ना! आणि यातला खरा कहर म्हणजे ब्लूबॉटलला ते पटतं, त्याला पण असा कागद हवासा वाटतो. माझी सात वर्षांची भाची, जिला इंग्लिश अर्धंमुर्धं कळतं, तिला मी हे मराठीत करून दाखवलं तर ती हसून हसून पलंगावरून खाली आली आणि मग दोन दिवस घरभर "आठ वाजले" लिहिलेल्या चिठ्ठ्या.

हे दर आठवड्याला लिहायचं म्हणजे काय असतं याचा पण विचार करा. १९५३-५४ च्या चौथ्या सिरीजचे तीस भाग. तीस! त्याआधी १९५२ च्या शेवटी तो पूर्ण कोसळला, सुरी घेऊन सेलर्सला मारायला निघाला, इस्पितळात भरती करावं लागलं, आणि बरा व्हायच्या आत परत लिहायला बसला. लॅरी स्टीफन्स, एरिक साइक्स यांनी साथ दिली म्हणून गाडी चालली. लोक आता मोठ्या कौतुकाने म्हणतात की वेडाशिवाय असा विनोद होत नाही. मला ते अजिबात पटत नाही. युद्धाने अर्धा मोडलेल्या माणसाकडून वर्षातले सहा-सात महिने दर आठवड्याला अर्ध्या तासाची नवीन दुनिया मागून घेतली तर तो मोडेलच, त्यात अद्भुत काय. तरी तो लिहीत होता आणि स्वतःच्या जिवावर इतरांना पण जागा करून देत होता. साइक्स आणि गाल्टन-सिम्पसन ही विनोदी लेखकांची जोडी, यांच्याबरोबर त्याने लेखकांची मिळून एक कंपनी काढली, शेफर्ड्स बुशमधे एका भाजीवाल्याच्या दुकानावर ऑफिस. तिथूनच जॉनी स्पाइट पण आला. म्हणजे मदत केली त्याच्याच स्क्रिप्टने पुढे याचं तोंड रंगवलं, असो.

"मग आता विनोद करायचाच नाही का कुणी कुणावर?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. करायचा की. १९९८ ला बीबीसी २ वर 'गुडनेस ग्रेशस मी' आलं, आधी १९९६ पासून रेडिओवर होतं. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि आपल्या मुंबईत जन्मलेली नीना वाडिया. त्यातला सगळ्यात गाजलेला स्केच, दारू पिऊन टल्ली झालेलं देशी टोळकं मुंबईत रात्री इंग्लिश जेवायला जातं, वेटरचं नाव मुद्दाम चुकीचं उच्चारतात, आणि एकजण फुशारकी मारत विचारतो, तुमच्याकडे सगळ्यात बेचव काय आहे ते आण. शुक्रवार रात्री करी हाउसात गोरे जे करायचे ते अख्खं उलटं करून ताटात वाढलं. आणि त्या कार्यक्रमाचं नाव कुठून आलं? १९६० साली पीटर सेलर्सने सोफिया लॉरेनबरोबर हिंदी डॉक्टरचा ॲक्सेंट काढून म्हटलेल्या गाण्यातून, तेच गाणं, फक्त भांगड्याच्या ठेक्यावर. त्यांनी सेलर्सचं गाणं कुठून काढून टाका म्हटलं नाही, उचललं आणि घरी नेलं. पण ते उचलायला गाणं शिल्लक असावं लागतं, आणि ते काय आहे हे माहीत असणारी माणसं टीव्ही स्टेशनात आत शिरलेली असावी लागतात. १९६९ ला ती आत नव्हती. केविन ओ'ग्रेडीचं काम एखाद्या खऱ्या पाकिस्तानी किंवा हिंदी नटाला द्यावं हे त्या खोलीत कुणाला तरी सुचलं असतं तर कदाचित आज ती मालिका वेगळ्या कारणासाठी आठवली असती.

हे सगळं लिहिताना आपल्याकडच्या स्किट शोमधला लुंगीवाला अण्णा आणि "काय बोलतो भय्या" वाला भय्या डोळ्यासमोर नाचत नव्हता असं नाही. तो आणणाऱ्यांपैकी कुणी तमिळ किंवा बिहारी नसतो एवढंच नमूद करून ठेवतो, तो वेगळा लेख आहे आणि त्यात मला माझ्याच मित्रांशी भांडायला लागेल.

स्पाइक २७ फेब्रुवारी २००२ ला गेला, ८३ वर्षांचा होऊन. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ विंचेल्सी गावात सेंट थॉमस चर्चच्या आवारात त्याला पुरलंय. त्याची आयुष्यभराची हौस होती की थडग्यावर लिहायचं, "मी आजारी आहे असं सांगितलं होतं ना तुम्हाला." चर्चच्या अधिकाऱ्यांनी नकार दिला, पवित्र जागा आहे, हे शोभत नाही. दोन वर्षं दगडच लागला नाही. शेवटी तडजोड झाली, वाक्य तेच पण आयरिश भाषेत लिहायचं. शपथ घेतली नाही म्हणून मिळालेला तो आयरिशपणा इथे कामाला आला. आता दगडावर ते कोरलेलं आहे आणि इंग्लंडच्या त्या खेड्यात रविवारी प्रार्थनेला येणारी माणसं बाजूने जातात, बहुतेकांना वाचता येत नाही, आणि खाली हा पडलाय एकल्ससारखा, कागदावर आठ लिहून.